दर वाढवायचाय पण क्लायंट सुटायला नकोत, कसं करता तुम्ही लोक?

शाईचा_डाग

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज विचारूनच टाकते. मी पूर्णवेळ फ्रीलान्स लिहिते, कंपन्यांसाठी लेख, न्यूजलेटर, वेबसाइटचा मजकूर, अधूनमधून दुसऱ्याच्या नावावर छापून येणारे लेख पण. कामाला तोटा नाही, उलट नवीन कुणी विचारलं तर वेळ नाही म्हणून सांगावं लागतं. तरी महिन्याच्या शेवटी हातात राहतं ते बघून वाटतं की एवढं राबून हेच का. कारण मलाही माहितीये, जुन्या क्लायंटचा दर पाचेक वर्षांपूर्वी ठरला तोच आजही चालू आहे.

घोडं अडलंय ते एका क्लायंटपाशी. माझी निम्म्याहून जास्त कमाई त्यांच्याकडून येते, महिन्याला ५ लेख, माणसं चांगली, पैसे वेळेवर. त्यांना वाढ मागायची आणि ते म्हणाले "बरं मग राहू दे", तर काय? मेल लिहून ठेवलीये, पाठवायचा धीर होत नाहीये. इथे टाकते, बिनधास्त चिरफाड करा:

"नमस्कार, आशा आहे सगळं छान चाललंय. खूप दिवस विचारायचं होतं पण जरा अवघड वाटत होतं. सध्या सगळंच महाग झालंय आणि मी बरीच वर्षं त्याच दरात काम करतेय, तर तुम्हाला चालणार असेल तर दरात थोडी वाढ करता येईल का? नाही जमलं तरी हरकत नाही, काम आहे तसं चालू राहीलच."

२५% वाढ मनात आहे. जास्त होतेय का?

तिरपा_टाक

ताई, चिरफाड करा म्हणालात म्हणून करतो, राग मानू नका.

शेवटचं वाक्य आधी खोडा. "नाही जमलं तरी काम चालू राहीलच" म्हणजे समोरच्याला तुम्हीच सांगून टाकलंत की नाही म्हणायला काहीच पडत नाही. मग तो हो का म्हणेल? मी तरी म्हणणार नाही.

दुसरं, "थोडी वाढ". थोडी म्हणजे किती ते तुम्ही सांगितलं नाहीत, आता तो ठरवणार, आणि तो ५% ठरवणार आणि वर तुमच्यावर उपकार केल्यासारखं होणार. आकडा तुमच्या तोंडून निघाला पाहिजे. तिसरं, महागाई. महागाई त्यालाही आहे हो. तुमचा घरखर्च किती वाढला यावर तुमच्या लेखाची किंमत ठरत नाही, लेखाचा त्याला उपयोग किती आणि तुमच्यासारखं लिहिणारं माणूस दुसरीकडे केवढ्याला मिळेल यावर ठरते. घरखर्च मनातल्या हिशेबात धरा, मेलमध्ये नको.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पूर्ण मेल प्रश्नार्थक आहे. दर तुमचा आहे. तो कळवायचा असतो, परवानगी मागायची नसते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच नाही.

आकडेमोड_बाई

२५% जास्त का, यावर माझं आवडतं काम, म्हणजे हिशेब.

दरवर्षी फक्त ५% महागाई धरली तरी ५ वर्षांत १.०५ ला पाच वेळा गुणलं की १.२८ येतं. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या १०० चं काम भागवायला आज १२८ लागतात. तुम्ही मागताय १२५. ही वाढ नाहीच आहे, पाच वर्षांपूर्वी जिथे होतात तिथेसुद्धा पूर्ण पोचत नाही तुम्ही. (हे मेलमध्ये लिहायचं नाही, वर तिरपा_टाक म्हणालेत तेच, पण स्वतःला पटायला उपयोगी आहे.)

आता भीतीचा हिशेब. दर २५% वाढवला तर तेवढीच कमाई करायला पूर्वीच्या ८०% काम पुरतं, १ भागिले १.२५. म्हणजे पाचातलं एक काम गेलं तरी तुम्ही खड्ड्यात नाही, उलट तेवढा वेळ मोकळा झाला. ५०% वाढवला तर एकतृतीयांश काम जाऊ शकतं, दुप्पट केला तर निम्मं. "एकही क्लायंट सुटता कामा नये" ही अटच चुकीची आहे, एक सुटला तर परवडतो का एवढंच बघायचं.

आणि तासाचा दर काढलाय का कधी? सगळे काढतात तो चुकीचा काढतात. वर्षाचे ५२ आठवडे, ४ सुट्टी आणि आजारपणाचे सोडले तर ४८, गुणिले ४० तास म्हणजे १९२०. पण त्यातले निम्मे तास मेलामेली, इन्व्हॉइस, नवीन काम शोधणं, पैशांसाठी पाठपुरावा, वाचन यात जातात ज्याचं बिल कुणाला लागत नाही. उरले ९६०. नोकरीवाल्याला पगार मिळतो तो २०८० तासांचा, सुट्ट्यांसकट. म्हणजे नोकरीतल्या तासाच्या दुपटीहून जास्त दर लावला तेव्हा कुठे बरोबरी होते, आणि त्यात नोकरीतले बाकीचे फायदे धरलेलेच नाहीत.

अर्धविराम

हिशेब कागदावर छान दिसतो. पण धागाकर्तीची निम्म्याहून जास्त कमाई एकाच ठिकाणाहून आहे, तिथे "पाचातलं एक गेलं तर चालतं" हे लागू होतच नाही ना. तो एक गेला तर ५०% च्या वर जातं, २५% वाढीने ते कुठून भरणार? या परिस्थितीत मेल कितीही कडक लिहा, मागे आधार नसेल तर समोरच्याला वास येतोच.

शिवाय बाजार बदललाय हे कुणी बोलतच नाहीये. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं त्याच्या आधीचे सल्ले आज जसेच्या तसे चालत नाहीत. आता क्लायंट म्हणतो ड्राफ्ट एआयकडून काढून देतो, तुम्ही फक्त नजर फिरवा, निम्म्या दरात. तिथे वाढ कुठली मागताय.

शाईचा_डाग

अर्धविराम, हेच, अगदी हेच. माझी झोप यामुळेच उडालीये.

तिरपा_टाक राग वगैरे काही नाही, शेवटचं वाक्य वाचून मलाच हसू आलं आता.

पलीकडच्या_खुर्चीतून

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. कंटेंट टीम सांभाळतो, बाहेरच्या लेखकांकडून काम करून घेतो, त्यांची बिलं माझ्या सहीने जातात. तर आमच्याकडे ही मेल आल्यावर काय होतं ते सांगतो, कारण लेखक लोक याची फार वेगळी कल्पना करतात असं दिसतंय.

पहिली गोष्ट, पैसे माझ्या खिशातले नसतात. मला वर्षाच्या सुरुवातीला एक आकडा मंजूर होऊन मिळतो आणि तो वर्षभर पुरवायचा असतो. त्यामुळे लेखकाने दर वाढवला म्हणून मला राग येत नाही, माझा प्रश्न एवढाच असतो की हे मंजूर आकड्यात बसतं का, आणि नसेल तर वर कुणाला तरी समजवावं लागेल का. एका ठराविक रकमेपर्यंत मी स्वतः सही करतो, त्याच्या वर गेलं की फाइल वर जाते आणि वर गेली की "याच्यापेक्षा स्वस्त कुणी नाही का" हा प्रश्न हमखास येतो. माझ्याकडून कधीच आलेला नसतो तो.

यावरून दोन गोष्टी. एक, वेळ. बजेट ठरायच्या आधी महिना दोन महिने सांगितलंत तर मी नवा आकडा धरून मागणी टाकतो, कुणाला काही कळतही नाही. तेच मध्येच सांगितलंत तर माझी इच्छा असून अडकतं. तुमच्या क्लायंटचं आर्थिक वर्ष कधी सुरू होतं हे सरळ विचारा, यात काही गुपित नसतं.

दोन, आणि हे शाईचा_डाग तुमच्यासाठी. तुमचे महिन्याला ५ लेख आहेत ना? नव्या दराने ४ लेखांचं बिल जुन्या दराच्या ५ लेखांइतकंच येतं. अगदी तंतोतंत, ५ गुणिले १०० आणि ४ गुणिले १२५. म्हणजे "बजेट आहे तेवढंच ठेवायचं असेल तर महिन्याला ४ लेख करू" हा पर्याय तुम्ही स्वतःच दिलात तर मला वर जावं लागतच नाही. तुमचा एका लेखाचा वेळ सुटला. आणि खरं सांगायचं तर पाचवा लेख बऱ्याचदा विषय सुचत नसताना ओढूनताणून काढलेला असतो, तो गेला तर आम्हालाही बरं वाटतं.

अर्धविराम यांचा मुद्दा खरा आहे पण अर्धाच. जो लेखक वर्षानुवर्षं आमच्यासाठी लिहितोय त्याला आमचं उत्पादन माहीत असतं, कुठला शब्द आम्ही वापरत नाही ते माहीत असतं, कायदेशीर तपासणीत काय अडकतं ते माहीत असतं. नवीन माणूस आणला की पहिले काही लेख मलाच बसून दुरुस्त करावे लागतात. तो वेळ माझा जातो. २५% वाचवायला मी तो खटाटोप करीन का? नाही करणार. दुप्पट मागितलेत तर मात्र विचार करीन.

समासातली

पाचाचे चार, काय सुंदर आहे हे! माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी अनुवाद आणि संपादन करते, तिथला अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहिते. एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांनी जपून. तिथे प्रतिशब्द दर (म्हणजे एका शब्दामागे इतके पैसे) वाढवून मिळतो आणि मागच्या दाराने काढून घेतला जातो, कारण अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी केलेल्या वाक्यांशी किती टक्के जुळतं त्यावर सवलतीचा तक्ता असतो, पूर्ण जुळलं तर इतके कमी, ७५% च्या वर जुळलं तर इतके कमी असं. दर वाढला की हळूच तो तक्ता बदलून येतो आणि बिल आहे तिथेच. दराबरोबर तक्ताही लिहून घ्या. आणि मोजणी मूळ मजकुराच्या शब्दांवर, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच दोघांना बिल माहीत.

एआयच्या ड्राफ्टवर "फक्त नजर फिरवा" याला माझा नियम असा की प्रतिशब्द दर नाहीच, तासाचा दर. आधी त्यांच्याकडून एक पान मागवते, घड्याळ लावून दुरुस्त करते आणि मग बोलते. काही ड्राफ्ट खरंच ठीक असतात, पटकन होतात. काहींमध्ये असे संदर्भ असतात जे अस्तित्वातच नाहीत, दुवा छान दिसतो, उघडला की काही नाही, आणि मग प्रत्येक वाक्य तपासत बसावं लागतं आणि तो वेळ स्वतः लिहिण्यापेक्षा जास्त जातो. हे क्लायंटला तोंडी सांगून पटत नाही. दुरुस्त केलेलं पान आणि त्याला लागलेला वेळ समोर ठेवला की पटतं. एकाने तर ते बघून सांगितलं की तुम्हीच लिहा पहिल्यापासून.

अर्धविराम

मान्य, एक पान तपासून बोलायचं हे आवडलं. पण मूळ प्रश्न तसाच आहे, एकच मोठा क्लायंट असेल तर?

तिरपा_टाक

अर्धविराम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर क्रमात आहे. मोठ्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

आधी नवीन येणाऱ्यांना नवा दर सांगायचा. त्यांना जुना दर माहीतच नाही, त्यांच्या दृष्टीने ही वाढ नाही, हाच दर आहे. धागाकर्ती म्हणतेय की नवीन लोकांना नाही म्हणावं लागतं, अहो मग नाही कशाला म्हणता, दर सांगा! २५% नाही, ४०% जास्त सांगा. नाही म्हणाले तर तुम्ही पण नाहीच म्हणणार होतात, गेलं काय? आणि एखादा हो म्हणाला की दोन गोष्टी होतात, तुम्हाला कळतं की बाजारात हा दर मिळतो, आणि मनातली धाकधूक निम्मी होते. त्या नव्याला जागा करायला मग सगळ्यात कमी पैसे देणारा आणि जास्त डोकं खाणारा जो जुना असेल (असतोच प्रत्येकाकडे) त्याला नवा दर कळवायचा. तो राहिला तर उत्तम, गेला तर त्याहून उत्तम. असं दोनतीनदा झालं की मोठ्याचा वाटा आपोआप निम्म्याच्या खाली येतो, मग त्याला मेल पाठवायची. तेव्हा तुमचा सूर वेगळाच असतो, तो काही मुद्दाम आणावा लागत नाही.

लोक नेमकं उलटं करतात, पहिल्यांदा सगळ्यात मोठ्याकडे जातात कारण तिथे पैसे जास्त, आणि पाय लटपटत असताना जातात.

नुसताच_वाचक

वाचतोय. मी फाइव्हर आणि अपवर्कवर (फ्रीलान्स कामं मिळतात त्या वेबसाइट) असतो, तिथे काय करायचं? तिथे मेल बिल पाठवायचा प्रश्नच येत नाही.

आकडेमोड_बाई

फाइव्हर विक्रेत्याकडून २०% कापतं. त्यामुळे १०० हातात हवे असतील तर १२० नाही, १२५ लावा. १२५ चे २०% म्हणजे २५, उरले १००. ही चूक इतकी लोक करतात की विचारू नका. आणि तिथे दर वाढवणं उलट सोपं आहे, नव्या ऑर्डरला नवा दर दिसतो, कुणाला समजवावं लागत नाही. टप्प्याटप्प्याने चढवा, पाच सहा ऑर्डर नीट आल्या की पुढची पायरी, ऑर्डर थांबल्या की तिथेच थोडं थांबा.

अपवर्कवर एक लक्षात ठेवा, तिथे भेटलेल्या क्लायंटला २ वर्षं बाहेर नेता येत नाही, न्यायचंच असेल तर त्यांची वेगळी फी भरावी लागते. "बाहेर या, कमिशन वाचेल, मग दर वाढवून देतो" म्हणणारे भेटतात, खातं बंद होईल ते तुमचं.

समासातली

प्रतिशब्द दरावरून एक. लेखनात (अनुवादात नाही) प्रतिशब्द दर असेल तर वाढ मागण्यापेक्षा मोजायचं मापच बदला. प्रतिशब्द दर सगळ्यांना तोंडपाठ असतो, लगेच तुलना होते, अमका याच्या निम्म्यात करतो म्हणून. तेच "हा लेख, दोन मुलाखती, आराखडा आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या मिळून एवढे" असं सांगितलं की तुलना करायला काही राहत नाही. आणि खरंच १५०० शब्दांचा लेख लिहिण्यापेक्षा तोच ८०० शब्दांत बसवणं जास्त कष्टाचं असतं, प्रतिशब्द दरात त्या कष्टाला शिक्षा मिळते.

तिरपा_टाक

हो, पण मग दुरुस्तीच्या फेऱ्या लिहून ठेवाच. नाहीतर एकरकमी दर म्हणजे अमर्याद दुरुस्त्या असं समजणारे आहेत. पहिला ड्राफ्ट पसंत पडून गेल्यावर "जरा दिशा बदलूया का" म्हणतात, ती फेरी नाही, तो नवीन लेख आहे.

नुसताच_वाचक

आणि फोनवर विचारलं "तुमचा दर काय" तर आधी त्यांचं बजेट विचारायचं की आपण सांगायचं? दोन्ही वाचलंय.

पलीकडच्या_खुर्चीतून

आमच्याकडून आम्ही आधी सांगत नाही कधी :) 

आकडेमोड_बाई

पहिला आकडा ज्याचा, पुढची घासाघीस त्याच्याभोवती फिरते असं मानतात. ट्व्हर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, एक चक्र फिरवायचे जे गुपचूप १० किंवा ६५ वरच थांबायचं आणि मग लोकांना विचारायचे की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के. ज्यांना १० आला त्यांचा मधला अंदाज २५, ज्यांना ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आणि उत्तराचा काडीचा संबंध नसताना.

पण हे लगेच डोक्यावर घेऊ नका. त्या लोकांना उत्तर माहीत नव्हतं म्हणून ते चक्राच्या मागे गेले. जो माणूस दर महिन्याला लेख विकत घेतो त्याला बाजारभाव ठाऊक असतो, त्याला तुम्ही कितीही मोठा आकडा ऐकवलात तरी तो हलणार नाही, फोन मात्र ठेवेल. पहिल्यांदाच लेखक शोधणाऱ्याला आपण आधी आकडा सांगावा. मुरलेल्याला बजेट विचारलेलं बरं.

आणि आकडा सांगितल्यावर गप्प बसा. हे मी सगळ्यांना सांगते. आकडा सांगून दोन सेकंद शांतता झाली की आपणच "पण थोडं कमीजास्त होईल हां" म्हणून मोकळे होतो. समोरचा नुसता लिहून घेत असतो हो.

शाईचा_डाग

दोन सेकंद शांतता, अगदी मीच ती.

तर मी तिरपा_टाक यांच्या क्रमाने गेले. नवीन दोघांना नवा दर सांगितला (४०% नाही, तेवढी हिंमत नव्हती, ३०%). एकाने परत तोंड दाखवलं नाही, दुसरी लगेच हो म्हणाली, इतक्या लगेच की मला वाटलं अजून सांगायला हवं होतं. एका छोट्या जुन्या क्लायंटलाही कळवलं, त्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं, मी म्हटलं ठीक, तोपर्यंत माझ्याकडे तारखा नाहीत. ते गेले. विशेष काही वाटलं नाही.

आता मोठ्यासाठी नवी मेल:

"नमस्कार, येत्या तिमाहीच्या पहिल्या तारखेपासून माझा प्रतिलेख दर (इथे आकडा) असेल, म्हणजे सध्यापेक्षा २५% वाढ. त्याआधी ठरलेले सगळे लेख जुन्याच दराने पूर्ण करीन. या दरात विषयाचं संशोधन, आराखडा, गरज असेल तिथे मुलाखत आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत. सध्याच्याच बजेटमध्ये राहायचं असल्यास महिन्याला ५ ऐवजी ४ लेख करता येतील. दोन्हींपैकी काय सोयीचं ते या महिनाअखेर कळवलंत तर पुढच्या तिमाहीच्या तारखा तुमच्यासाठी राखून ठेवते."

तिरपा_टाक

वा. हीच मेल त्याच बाईंची आहे हे सांगून पटणार नाही.

एकच. "म्हणजे सध्यापेक्षा २५% वाढ" काढा. नवा आकडा पुरे. टक्के लिहिले की डोळा वाढीवर जातो, आकडा लिहिला की ती नुसती किंमत असते. त्यांना फरक काढायचा असेल तर काढतील.

पलीकडच्या_खुर्चीतून

इथे माझं जरा वेगळं मत आहे. टक्के काढा, ठीक, पण जुना दर आणि नवा दर दोन्ही शेजारी असू द्या. कारण ही मेल मी जशीच्या तशी हिशेब विभागाला फॉरवर्ड करणार. तिथला माणूस पहिला प्रश्न विचारणार जुना किती होता, मग मी जुनी बिलं शोधत बसणार, मग ते तीन दिवस पडून राहणार. ज्या मेलला माझ्याकडून एक ओळही जोडावी लागत नाही ती लवकर मंजूर होते. तारीख, जुना, नवा, काय काय धरलंय, संपलं. बाकी ही मेल मला आली असती तर मी दहा मिनिटांत हो म्हणून मोकळा झालो असतो.

तिरपा_टाक

हे पटलं. फॉरवर्डचा विचार मी केला नव्हता.

अर्धविराम

समजा ते म्हणाले पैसे वाढवता येणार नाहीत आणि लेख पण ५ च हवेत, मग? तिथे उत्तर तयार पाहिजे, नाहीतर मेलचा सगळा ताठा एका उत्तरात गळतो.

समासातली

मग पैशाऐवजी दुसरं काही घ्या. सध्याचं पेमेंट ४५ दिवसांनी येत असेल तर १५ दिवसांवर आणा, किंवा निम्मे आगाऊ. तातडीच्या कामाला वेगळा आकार. सगळे हक्क त्यांचे असतील तर ठराविक काळाने लेख तुम्हाला दुसरीकडे वापरता यावेत. तुमचं नाव जात नसेल तर नाव मागा, नावासह लेख म्हणजे पुढचा क्लायंट आणायला कामाचा नमुना. फक्त "यावेळी राहू दे" म्हणून तोच दर, त्याच अटी असं परत मान्य करू नका, कारण मग पुढच्या वेळी तुमच्या तारखेला कुणी तारीख समजणार नाही.

आणि खरोखर सवलत द्यायची असेल तर बिलावर पूर्ण दर लिहून खाली सवलत म्हणून वजा करा, कधीपर्यंत तेही लिहा. गुपचूप कमी दर लावला की तोच तुमचा दर होऊन बसतो.

शाईचा_डाग

पाठवली काल. दोन्ही दर शेजारी शेजारी, टक्के काढले.

आत्ता उत्तर आलंय. लेख ५ च हवेत आणि नवा दर मान्य आहे!! पण दुरुस्तीच्या फेऱ्या दोनऐवजी तीन हव्यात म्हणतायत, कारण आता त्यांच्याकडे आणखी एक जण लेख बघणार आहे. हो म्हणू का?

तिरपा_टाक

अभिनंदन ताई! तिसरी फेरी फुकट देऊ नका मात्र.

पलीकडच्या_खुर्चीतून

अभिनंदन. त्यांना तिसरी फेरी का हवीये ते ओळखा, दोन माणसं वेगवेगळ्या वेळी शेरे पाठवणार आहेत आणि त्यांचं आपसात जमणार नाही म्हणून. तुम्ही लिहा की दोन्ही शेरे एकाच फाइलमध्ये एकत्र करून पाठवा, आपसात मतभेद असतील तर ते आधी मिटवून, मग दोन फेऱ्या पुरतात. तरी लागलीच तर तिसरी फेरी तासाच्या दराने. आमच्याकडे एका लेखिकेने हेच केलं होतं, तिसरी फेरी लागलीच नाही कधी, कारण शेरे एकत्र करताना आमच्या लोकांनाच कळायला लागलं की निम्मे शेरे एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

शाईचा_डाग

असंच लिहिते. तासाचा दर किती टाकू पण, आकडेमोड_बाई, तुमचा तो ९६० वालाच ना?

आकडेमोड_बाई

९६० वालाच, आणि वरच्या बाजूला गोल करा.